बरणीतली चांदी

आमच्या घरात दिवसा शांतता अशी नसायचीच. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत आमच्या तीन खोल्या एकामागे एक लावलेल्या होत्या. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला बाबांचा हातमाग होता. सकाळचा चहा झाला की बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि मग जेवणापर्यंत धोट्याची सर्रकन जाणारी धाव आणि तिच्यापाठोपाठ फणीचा ठोका चालू राहायचा. तो ठोका कानांनी ऐकावा लागत नसे, तो जमिनीतूनच यायचा. मधल्या खोलीत मी अभ्यासाला बसले की मांडीखाली तो लागायचा, मांडणीवरच्या ताटल्या बारीक किणकिणायच्या, आणि माय मागच्या अंगणात धुणं धूत असली तरी ठोका थांबला की मान वर करून विचारायची, "काहून थांबले वं तुझे बाबा? सूत तुटलं का?" घरभर सुताला लावायच्या खळीचा वास असायचा. शिळ्या पेजेसारखा, आंबूस. तो माझ्या कपड्यांनाही येतो, हे मला कॉलेजातल्या मैत्रिणींकडून फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण कुसुमताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचे दिवस भरत आले होते. तिला उकाडा सोसवत नव्हता आणि खायला मात्र गोळाभातच हवा असायचा, वरून हिंगाची फोडणी आणि शेजारी कैरीची फोड. माय डाळीचे गोळे वळता वळता म्हणायची, "एवढं तिखट खाऊन राहिली, पोट्टं लाल तोंडाचं निघन." बाबा मागावरून हसायचे. कुसुमताईची बाज मधल्या खोलीत, मागाच्या भिंतीला लागून टाकली होती, कारण कूलरची हवा तेवढ्याच कोपऱ्यात पोचत असे. त्या भिंतीवर, बाजेच्या बरोबर वर, एक लाकडी फळी होती. फळीवर देवाचं तेल, औषधाच्या बाटल्या आणि घरात ज्याला दुसरी जागा नाही ते सगळं असायचं.

मायची लग्नातली साडी बाबांनी स्वतः विणलेली होती. सुती अंग, रेशमी काठ, आणि काठात व पदरात खरी जर, म्हणजे चांदीची तार सोन्याच्या पाण्यात काढलेली. लग्न ठरल्यावर बाबांनी मायला पाहिलंही नव्हतं, पण साडी मात्र तिच्यासाठी विणायला घेतली होती. माय ही गोष्ट इतकी वेळा सांगायची की आम्ही दोघी बहिणी तोंडावर पांघरूण घ्यायचो. ती साडी आता घडीवर विरली होती. उलगडली की पोतेऱ्यासारखी फाटायची. मायच्या मनात आलं की त्या जरीतली चांदी काढावी आणि कुसुमच्या बाळाला वाळे करावेत. आजोबांनी विणलेल्या काठातले वाळे नातवाच्या पायात, एवढंच तिला हवं होतं.

मायचा मोठा भाऊ, देवराव मामा, कामठीला राहायचा. जुनी जर विकत घेऊन ती जाळायची आणि मागे राहिलेली चांदी सोनाराकडे नेऊन द्यायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. उंच, हाडकुळा, तोंडात नेहमी विझलेली बिडी, आणि कुणाच्याही घरी काही बिघडलं की हा आपणहून पुढे. मायने साडी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, "दादा, पण जाळायची नाही. माह्या लग्नाच्या साडीले आगीत टाकलेलं मी पाहू शकत नाही."

मामा म्हणाला, "मग कशी काढू? बाकी कोणती रीत नाही माह्यापाशी."

"ते तू पाह्य. आग नोको."

बहिणीला नाही म्हणणं मामाला जमायचं नाही. इतवारीतल्या कुणा कारागिराला त्याने रीत विचारली आणि एका सकाळी तो तेजाबाची, म्हणजे जहाल आम्लाची, बाटली घेऊनच आला. बाबांनी आणि त्याने मिळून काठ उसवला, जर वेगळी केली, आणि मागच्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, काचेच्या भांड्यात ती तेजाबात घातली. तांबूस धूर निघाला तसे आम्ही सगळे आत पळालो. चांदी विरघळली, तळाशी सोन्याची चिमूटभर तपकिरी माती राहिली, आणि वरचं पाणी जरीतल्या तांब्याने हिरवंनिळं झालं. मामाने त्यात मिठाचं पाणी ओतलं आणि काही कळायच्या आत भांड्यात दही लागल्यासारखे पांढरे गोळे धरले. मायने टाळीच वाजवली. उन्हात ठेवलेलं ते पांढरं दही बघता बघता जांभळट होत गेलं. मी दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होते, मला त्याचं नाव माहीत होतं, सिल्व्हर क्लोराइड. मी ते मोठ्याने सांगितलंही, आणि बाबा म्हणाले, "नाव इंग्रजी असलं तरी चांदी आपलीच."

इथेच हात आवरला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्या दह्यात तेजाबाने करपलेल्या रेशमाचे तंतू आणि कचरा होता. मामाला ते स्वच्छ हवं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं की अमोनियात हे दही पाण्यासारखं विरघळतं आणि कचरा फडक्यात गाळून टाकता येतो. त्याने तसंच केलं. लोणच्याच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत स्वच्छ पाणी दिसू लागलं. त्याच्या हिशेबाने आता फक्त वाट पाहायची होती. मिठाचं पाणी उन्हात ठेवलं की पाणी उडून मीठ खाली राहतं, तशी चांदी राहील. बरणीच्या तोंडावर तेच गाळण्याचं ओलं फडकं टाकून त्याने ती मांजराच्या आणि पायांच्या वाटेतून दूर म्हणून त्या फळीवर नेऊन ठेवली. "हात नोको लावजो कोणी," म्हणाला, "मी रविवारी येतो," आणि कामठीला गेला. घरात दोन दिवस नाकात झोंबणारा वास होता. मामा करतो ते घरातलं काम आणि मी शिकते ते कॉलेजातलं, या दोहोंचा एकमेकांशी संबंध लागेल असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

परवा माझ्या नातीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक हसरा माणूस स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या मगात हेच सगळं करत होता, पुढे अमोनियाचा डबा, मागे पोळ्यांचा डबा. "आजी, हे तर सोपं दिसतं," ती म्हणाली. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि उलटा ठेवला. तिला वाटलं मला राग आला. मला राग नव्हता आला, माझ्या पायांखाली तो जुना ठोका लागला होता. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

बरणी फळीवर होती त्या आठवड्यात कॉलेजात परीक्षेआधीची शेवटची प्रात्यक्षिकं चालू होती. त्या दिवशी अमोनियात विरलेल्या चांदीपासून परीक्षानळीत आतून आरसा धरायचा प्रयोग होता. नळी कोमट पाण्यात ठेवली की काच आतून चकाकायला लागते, आणि मुली त्यात आपापली टिकली नीट करायला लागतात. आमच्या वानखेडे मॅडम कडक होत्या. बारीक अंगाच्या, नाकावर घसरलेला चष्मा, आवाज कधी चढत नसे, पण वर्गात कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या टेबलांमधून फिरत आल्या.

"तोंडं नंतर पाहा. आधी नळीतलं आणि बाटलीतलं जे उरलंय ते सगळं माझ्याकडे आणा. हे उद्यासाठी ठेवायचं नसतं. संध्याकाळसाठीही नाही. ठेवलं की अमोनिया उडत जातो आणि काळं काहीतरी खाली बसतं. ते काळं वाळलं की नुसतं घासल्यानं फुटतं. कधी कधी ओलं असतानाही, हलवल्यानं."

वर्गात तोच झोंबणारा वास भरला होता. माझ्या डोळ्यांपुढे आमची फळी आली. त्या सकाळी मी पाणी प्यायला उठले तेव्हा बरणीच्या आतल्या बाजूला, पाणी जिथून खाली गेलं होतं तिथे, काजळीसारखं काळं कडं धरलेलं मी पाहिलं होतं. मायनेही पाहिलं होतं. "हे काय धरलं वं?" तिने विचारलं होतं, आणि मी वेणी घालता घालता म्हटलं होतं, "मामाले विचारजो."

मी मॅडमजवळ गेले. "मॅडम, बरणीत ठेवलं तर? मोठ्या?"

"कोणत्या बरणीत?"

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "झाकण आहे?"

"नाही. फडकं आहे वर."

"ठेवल्यापासून कुणी हलवली?"

"नाही. पण मागाच्या भिंतीवर आहे. बाबा माग चालवत असतील आता." मग मला आणखी आठवलं. "खाली ताई झोपते, मॅडम. तिचे दिवस भरलेत."

मॅडमनी शिपायाला वर्ग बंद करायला सांगितलं. कपाटातून एक विरल केलेल्या आम्लाची मोठी बाटली घेतली, रबराची लांब नळी घेतली, आणि आम्ही दोघी त्यांच्या मोपेडवर निघालो. बाटली माझ्या मांडीवर होती. तो रस्ता मी आयुष्यभर तुडवला आहे, पण त्या दुपारइतका लांब तो पुन्हा कधी झाला नाही. डांबर वितळून चाकांना चिकटत होतं. सिग्नलला थांबलं की मी मनात घर पाहायची. ताई कुशीवर वळतेय, बाज करकरतेय, बाबा ठोका मारताहेत, भिंत हलतेय. मॅडम वाटेत एकदाच बोलल्या. "घरात शिरल्यावर पळायचं नाही. ओरडायचं नाही. दार आपटायचं नाही. लक्षात राहील?"

गल्लीच्या तोंडाशी मोपेड थांबवली आणि मला मागाचा ठोका ऐकू आला. म्हणजे घर आहे, माणसं आहेत. पण लगेच दुसरा ठोका पडला, आणि प्रत्येक ठोका त्या भिंतीला जाऊन लागत होता.

मी चप्पल बाहेर काढून आत गेले. आधी मधल्या दारातून फळीकडे पाहिलं. फळीवर तेलाची बाटली होती, औषधं होती, आणि मधोमध एक गोल ओलसर डाग होता. बरणी नव्हती. खाली ताई तोंडावर हात घेऊन झोपली होती.

"बाबा," मी म्हटलं, "माग थांबवा."

"काहून वं, कालेज सुटलं एवढ्यात? थांब, एवढा काठ..."

त्यांचा हात फणीकडे निघालेला होता. मी पुढे होऊन फणीवर माझा तळहात ठेवला. चालत्या मागाला हात लावायची मुभा आमच्या घरात कुणालाच नव्हती, मायलाही नाही. बाबा चमकून वर बघायला लागले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी धोटा खाली ठेवला.

"बरणी कुठी आहे?"

"तुही माय घेऊन गेली न मोरीत. घाण धरली म्हणे वरून."

मागच्या अंगणात, अर्ध्या भिंतीच्या आडोशाला, आमची मोरी होती. माय दगडावर उकिडवी बसली होती. समोर बरणी, शेजारी राखेची वाटी, हातात लोखंडी उलथनं. उलथन्याचं टोक बरणीच्या काठाला टेकलं होतं.

मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. आवाज हळू ठेवला. "माय, हात तसाच ठेव. हलू नोको."

माय थिजली. डोळे तेवढे माझ्याकडे फिरवून कुजबुजली, "विंचू हाय का वं?"

तिला त्या वेळी रसायनशास्त्र काय सांगणार होते? मी म्हटलं, "हो. तुह्या पायाजवळ. उलथनं हळूच वर घे, बरणीले लागू नोको देऊ. आता मागं सरक. उठू नोको, बसल्या बसल्या सरक."

माय सरकली. तिने इतकी निमूटपणे माझी आज्ञा आयुष्यात तेवढ्या एकदाच पाळली. ती माझ्या हाताशी आली तसं मी तिला धरलं, आणि मागून येऊन मॅडमनी बरणीकडे लांबूनच नजर टाकली. काळ्या कड्यावर बोटभर रुंदीची एक रेघ खरवडलेली होती. काच तेवढी स्वच्छ दिसत होती. पुढे कितीतरी दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "ओलं होतं म्हणून फुटलं नाही."

ताईला उठवताना मी तिच्या कानाशी बोलले आणि मायने व मी मिळून तिला बाजेवरून असं उतरवलं की बाजेने आवाज करू नये. ती घाबरून विचारत होती, "काय झालं वं, बाबा बरे हाय न?" आम्ही सगळे पुढच्या दाराने निघून बाहेरून वळसा घालून घराच्या बाजूच्या लिंबाखाली आलो. मॅडम शेजारच्या घरात जाऊन तिथल्या बायामुलांना बाहेर काढून आल्या. बाबांना मात्र हे सगळं पटत नव्हतं. ते माणूस म्हणून शांत, पण चालू काम अर्धवट सुटलं की त्यांचा पारा चढायचा. "बाई," ते मॅडमना म्हणाले, "देवरावनं पाण्यात चांदी ठेवली. बारूद नाही ठेवली."

लिंबाच्या फांदीपासून आमच्या खिडकीपर्यंत कपडे वाळत घालायची तार होती. मायने बरणीवरचं फडकं सकाळीच काढून त्या तारेवर टाकलं होतं आणि ते उन्हात कडक वाळलं होतं. बाबांना घाम आला होता. बोलता बोलता त्यांनी ते फडकं तारेवरून ओढलं, आणि तोंड पुसायच्या आधी, कुणीही झटकतो तसं, झटकलं.

फाट् असा आवाज झाला. फटाक्याच्या लडीतला एक सुटावा तसा. फडक्यातून ठिणगी उडालेली मी पाहिली. बाबा दोन पावलं मागे गेले. फडकं जमिनीवर पडलं तेव्हा त्याला मध्ये रुपयाएवढं भोक होतं आणि भोकाच्या कडा काळ्या होत्या. बाबांचा अंगठा आणि शेजारचं बोट भाजलं होतं. ते बोटांकडे बघत नव्हते. ते त्या भोकाकडे बघत होते. पुढच्याच क्षणी ते फडकं ते तोंडाला लावणार होते. मायने हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि मॅडमनी तिचा खांदा घट्ट धरला. "आवाज नको. आवाजानं काही होणार नाही, पण माझे हात कापतील."

मग मॅडमनी आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला सुरुवात केली. एकेक बांगडी त्या कुसुमताईच्या ओंजळीत ठेवत होत्या. ताई रडत होती. "कशाला काढून राहिल्या, मॅडम?"

"कशालाही लागायला नको. आणि मला भीती वाटतेय, म्हणून हळू करणार आहे. तुम्ही कुणी आत यायचं नाही. नलिनी, तूही नाही."

आज मला कुणी विचारलं तर मी एकच सांगेन. अशी बरणी दिसली तर हात लावू नका, हलवू नका, सगळे बाहेर पडा आणि अग्निशमनवाल्यांना कळवा. मॅडमनी केलं ते करू नका. मॅडम स्वतःच नंतर वर्गात हे सांगायच्या. पण त्या दुपारी आमच्या गल्लीत फोन नव्हता, आणि ऊन त्या बरणीतलं पाणी तसंच ओढून घेत होतं.

त्यांनी आम्लाची बाटली मोरीच्या अर्ध्या भिंतीवर ठेवली, नळीचं एक टोक तिच्यात आणि दुसरं एका लांब काठीला बांधून बरणीच्या तोंडाशी नेलं, आणि स्वतः भिंतीच्या आड बसल्या. लिंबाखालून आम्हाला त्यांच्या पाठीचा तुकडा आणि अंबाडा दिसत होता. नळी चिमटीत धरून त्या थेंब थेंब सोडत होत्या. पहिलाच थेंब पडला आणि बरणीतून पांढरा धूर उठला. शेजारची बाई "पेटलं वं माय!" म्हणून किंचाळली. बाबा धावले. मी त्यांना दोन्ही हातांनी आडवलं. धुरातून मॅडमचा आवाज आला, खोकत खोकत, "काही नाही. नवसागराचा धूर आहे हा. असाच यायला पाहिजे."

कितीतरी वेळ तसंच चाललं. धूर यायचा, विरायचा, मॅडम थांबायच्या, पुन्हा एक थेंब. ताई लिंबाला टेकून बसली होती. तिच्या ओंजळीत बांगड्या होत्या आणि ती त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून बोटांनी वेगवेगळ्या धरून होती. माय तोंडात पदर कोंबून उभी होती. बाबांनी भाजलेला हात छातीशी धरला होता. त्या मागावर वाढलेल्या घरात मी पहिल्यांदाच जमीन इतकी स्वस्थ अनुभवली, आणि ती स्वस्थता मला सोसवत नव्हती.

मग मॅडमनी मला हाक मारली. मी गेले. त्यांचे डोळे लाल होते, पदर घामाने पाठीला चिकटला होता. बरणीतलं काळं कडं गेलं होतं. पाण्यात पुन्हा ते पांढरं दही धरलं होतं, मामाने पहिल्या दिवशी मिठाने धरवलं होतं तसंच. "मेलं," मॅडम म्हणाल्या. "आता हे नुसतं सिल्व्हर क्लोराइड. लहान मूल शेजारी झोपवलं तरी चालेल." मग त्या तिथेच मोरीच्या दगडावर बसल्या, आणि त्या उठेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले. ते भोकाचं फडकं त्यांनी त्याच आम्लात भिजवून मग पुरायला लावलं.

मायने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. गोळाभात होता. बाबांना घास धरता येत नव्हता, तर माय त्यांना भरवत होती, आणि परक्या बाईसमोर बायकोच्या हातून जेवताना बाबांच्या चेहऱ्यावर लाज सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. पुढचे काही आठवडे त्यांना धोटा फेकता आला नाही.

रविवारी मामा आला. मायने त्याला रागावून एक शब्द म्हटला नाही, जे झालं ते सांगितलं, बाबांची बोटं दाखवली. मामाने बिडी कानावर ठेवली आणि परत काढली. तो उठला आणि तसाच कामठीला निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या रविवारी मॅडम आल्या तेव्हा मायने त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं. "तूच सुरू केलं, तूच पूर्ण कर," असा निरोप होता.

"आता करायचंय ते इतकं साधं आहे की तुम्हाला हसू येईल," मॅडम म्हणाल्या. अंगणात, चुलीपासून लांब, आम्ही ते दही एनॅमलच्या पातेल्यात घेतलं आणि पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं. मग त्यावर थोडं विरल आम्ल आणि त्यात जस्ताचे तुकडे. अमोनिया नाही, उकळणं नाही. बुडबुडे यायला लागले तसा मामा पार दारापर्यंत मागे गेला. "हा वायू पेटतो," मॅडम म्हणाल्या, "उघड्यावर तो उडून जातो, पण बिडी मात्र नको." मामाने कानावरची बिडी काढून गल्लीत फेकून दिली. मी त्याला हाताला धरून परत आणलं. जस्ताला टेकलेलं दही आधी करडं झालं, मग तो करडेपणा पसरत पसरत पातेलंभर झाला. जस्त विरून जाईपर्यंत आम्ही आम्ल घालत राहिलो. खाली राहिला तो करडा गाळ. माय हिरमुसली. "हे तर राख झाली वं." मॅडमनी त्यातला चिमूटभर गाळ पाट्यावर ठेवला आणि चमच्याच्या पाठीने दाबून घासला. दगडावर एक पांढरी, लख्ख रेघ उठली. मायने तिच्यावर बोट फिरवलं आणि बोट कपाळाला लावलं. त्या गाळाचे पुढे सोनाराकडे वाळे झाले, कुसुमताईच्या मुलीच्या पायांत ते होतेही. पण ते नंतरचं.

आता फक्त आम्ल जाईपर्यंत गाळ धुवायचा होता. मॅडम हात धुवायला गेल्या. मी पातेलं तिरपं धरून बसले होते आणि मामा माझ्यासमोर उकिडवा बसून तांब्याने पाणी ओतत होता. पाणी ओतायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, पुन्हा ओतायचं.

"नले," तो खाली बघत म्हणाला, "त्या रविवारी मी बरणी कामठीले घेऊन जाणार होतो."

मी वर पाहिलं.

"सवारी आटोत. मांडीवर धरून. आटोवाल्याले सांगूनही ठेवलं होतं, समोरची सीट ठेवजो म्हणून." तो थांबला. "रविवारी त्या आटोत पोट्टे घेऊन बाया बसते वं. आठवडाभर मले झोप नाही. मी रोज रात्री मनात त्या आटोत बसतो, अन् रोज ते बाया चढते."

त्याच्या हातातला तांब्या हलायला लागला. पाणी पातेल्याबाहेर, माझ्या पायांवर सांडायला लागलं. माय उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, उठून आली, भावाच्या शेजारी बसली आणि त्याच्या हाताखाली आपला हात घालून तांब्या धरला.

"ओत, दादा," ती म्हणाली. "हळू ओत."

आणि दोघांनी मिळून पाणी ओतलं.